झाकण बसल्याचा आवाज

जुन्या मोटरसायकलवाल्याची तक्रार बहुतेक वेळा एका वाक्यात संपते. "गिअर बरोबर पडत नाही." डॉक्टरकडे जाऊन "बरं वाटत नाही" म्हणण्यासारखंच ते. त्यावरून काही कळत नाही. पहिला पडत नाही, की दुसऱ्याचा तिसरा होत नाही? आवाज गिअर पडताना येतो, की पडल्यावर? गाडी थंड असताना, की तापल्यावर? एकटे असताना, की मागे कुणी बसलेलं असताना? मी असं विचारायला लागलो की समोरचा माणूस माझ्याकडे संशयाने बघायचा. याला गाडी दुरुस्त करायची आहे, की माझी जबानी घ्यायची आहे?

अंबरनाथ पूर्वेला, मोरिवलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. हा 'आहे' मी जरा थांबून लिहिला. यंदा पावसाळा संपला की शटर कायमचं ओढायचं आणि चिखलोलीला मुलाकडे, प्रशांतकडे, राहायला जायचं, असं मी त्याला सांगून ठेवलं होतं. वयाचं कारण नव्हतं. हात अजून चालतात. माझी पत्नी सुमन मागच्या उन्हाळ्यात गेली, आणि तिच्याशिवाय मला गिअरबॉक्सचं दुखणं ओळखता येणार नाही, याची माझी खात्री झाली होती.

हे वाचणाऱ्याला विचित्र वाटेल, म्हणून मुळापासून सांगतो.

मी आयटीआयचा फिटर. तरुणपणी इथल्याच औद्योगिक वसाहतीत एका प्रेसशॉपमध्ये कामाला होतो. पत्रा आत सरकवायचा, वरून प्रेस आदळायचा, पुन्हा पत्रा. कानात कापूस घालायची पद्धत होती, पण कापसाने तो दणका थांबत नसे. काही वर्षांनी माझ्या कानांतले बारीक आवाज निघून गेले. जाड आवाज राहिले. इंजिनाचा ठोका मला ऐकू येतो, ट्रकचा हॉर्न येतो, डाव्या कानाशी कुणी बोललं तर तेही कळतं. चमचा पडल्याचं मात्र कळत नाही. सुमनच्या बांगड्या वाजेनाशा झाल्या, तेव्हा तिने त्या काढून ठेवल्या की काय, असं मी तिला विचारलं होतं. तिने दोन्ही हात माझ्या डोळ्यांसमोर धरून हलवले. बांगड्या हलल्या, आवाज आला नाही.

पुढे कारखाना बंद पडला आणि मी गॅरेज टाकलं. नव्या गाड्यांना गिऱ्हाइकाइतकेच मेकॅनिक होते. जुन्यांना कुणी हात लावत नसे, म्हणून मी त्या धरल्या. गिऱ्हाईक नसलं की वाचनालयातून आणलेलं पुस्तक वाचत बसायचो. त्यामुळे लोक मला मास्तर म्हणायला लागले. आमच्या समाजात शिकल्यासवरल्या माणसाला मान आहे, पण पाना हातात घेतलेल्या मास्तराची तेव्हा थट्टाच जास्त व्हायची.

गिअरबॉक्स म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. एका बंद डब्यात दोन दांडे असतात आणि त्यांच्यावर लहानमोठी दातेरी चाकं. काही चाकं दांड्यावर मागेपुढे सरकतात. पायाने गिअर दाबला की आतला एक चिमटा, त्याला आम्ही फोर्क म्हणतो, ते चाक शेजारच्या चाकाकडे ढकलतो. या चाकाच्या अंगावरचे चार जाड खुंट त्या चाकाच्या खाचांत जाऊन बसले की गिअर पडला. एवढंच. खुंट आणि खाच यांच्या भेटीचा एक लहानसा आवाज होतो. साऱ्या रोगाचं निदान त्या आवाजात असतं, आणि तो आवाज बारीक असतो.

म्हणजे माझ्या धंद्याला जो आवाज लागत होता, नेमका तोच माझ्याकडे नव्हता.

सुमन डबे करायची. वसाहतीतल्या कामगारांना दुपारचे डबे. आमचं स्वयंपाकघर आणि गॅरेज यांच्यामध्ये एक भिंत आणि तिला एक खिडकी. सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. एका गाडीचा तिसरा गिअर निसटत होता आणि मी ती स्टँडवर लावून, मागचं चाक हवेत ठेवून, पुन्हा पुन्हा गिअर टाकून बघत होतो. पायाला काही कळत नव्हतं. तेवढ्यात खिडकीतून सुमनने डोकं काढलं.

"अहो, त्याचं झाकण तिरपं बसतंय."

"कसलं झाकण?"

"मला काय माहीत कसलं. तुमच्या डब्यात काय असतं ते तुम्हाला ठाऊक. पण स्टीलच्या डब्याचं झाकण एका बाजूनं बसलं आणि दुसऱ्या बाजूनं वर राहिलं, की कसं वाजतं? तसं वाजतंय. इकडे मी इतके डबे लावते, मला कळणार नाही का?"

तिने एक डबा खिडकीच्या कठड्यावर ठेवला. झाकण नीट दाबून दाखवलं, मग तिरपं दाबून दाखवलं. मला दोन्ही वेळा काही ऐकू आलं नाही, पण हाताने धरल्यावर फरक कळला. मी गिअरबॉक्सचं बाहेरचं कव्हर उघडलं. आत पायाची हालचाल किती व्हावी हे ठरवणारी एक पट्टी असते, दोन स्क्रूंवर बसवलेली. ती सरकली होती. चाक अर्ध्यावर जाऊन थांबत होतं. झाकण खरोखर तिरपं बसत होतं.

त्या दिवसापासून आमची ही पद्धत पडली. मी गाडी चालवायची, सुमनने मागे बसायचं आणि माझ्या डाव्या खांद्यावरून कानात सांगायचं. तिला पार्टांची नावं कधी शिकवली नाहीत. एकदा प्रयत्न केला तर म्हणाली, "ती तुमच्याकडेच राहू द्या. नावं कळली की मी नावंच ऐकायला लागेन." तिचे शब्द स्वयंपाकघरातले होते आणि ते पार्टांच्या नावांपेक्षा मला जास्त उपयोगी पडले. 'झाकण तिरपं' म्हणजे गिअर बसतच नाही. 'झाकण बसलं आणि वाफेनं उडालं' म्हणजे बसतो, पण जोर आला की बाहेर फेकला जातो. खुंट झिजून गोल झालेत. 'सांडशी सैल झालीय' म्हणजे फोर्कमध्ये खेळ आलाय. 'डाळीत खडा आहे' म्हणजे एखादा दात तुटून आत फिरतोय, गाडी ताबडतोब बंद. आणि पहिला गिअर टाकताना गाडीने पुढे हिसका दिला की ती म्हणायची, "गरम पोळ्या एकावर एक ठेवल्यात, चिकटल्यात." क्लच दाबल्यावर प्लेटी एकमेकींपासून सुटायला हव्यात, त्या सुटत नव्हत्या. क्लच नीट सुटला नाही की गिअर अडतो, आणि लोक मात्र गिअरबॉक्सला दोष देतात.

शेजारपाजारचे हसायचे. "मास्तर, कामाच्या नावाखाली बायकोला फिरवताय की काय?" सुमन मागून उत्तर द्यायची, "मग? तुम्ही बिनकामाचंही फिरवत नाही."

हळूहळू गिऱ्हाइकं आधी विचारून यायला लागली, "वहिनी मोकळ्या आहेत का?" डबे गेल्यावरची दुपार ही आमची तपासणीची वेळ ठरली.

उल्हासनगरचा एक दाल-पकवानवाला, म्हणजे डाळीबरोबर तळलेल्या कडक पुऱ्या विकणारा, आठवतो. गाडीवर त्याचा जीव होता. सकाळी त्याचा गिअर दगडासारखा घट्ट असायचा आणि दुपारी लोण्यासारखा मऊ. ऑइल नवीन टाकलंय, असं तो शपथेवर सांगत होता. मी खालचा बोल्ट सोडून थोडं तेल बशीत काढलं. रंग सोनेरी, दिसायला उत्तम. सुमनने बशी नाकाशी नेली.

"यात पकवान तळलेत हो."

पकवानवाला दोन पावलं मागे सरकला. "भाभी, कसम से, एकही बार डाला."

"फेकायचं तेल गाडीला पाजलंत?"

"फेकनेका नहीं था भाभी. तो मेरे को लगा, इतना अच्छा तेल है, आदमी खाता है तो गाडी को क्या होगा?"

तळणाचं तेल थंडीत चिकट होतं, आणि इंजिनाच्या उष्णतेने त्याचा राळेसारखा थर जमतो. सगळा डबा उघडून रॉकेलने धुवावा लागला. गॅरेजला दोन दिवस फरसाणाच्या दुकानाचा वास येत होता. सुमनने त्या माणसाला जाताना बजावलं, "आणि तेच तेल पुन्हा कढईत घालू नका आता."

दुसरा एक जण बदलापूरचा, नुकतीच जुनी गाडी घेतलेला. त्याची तक्रार अशी, की सिग्नल जवळ आला की गिअर आपोआप बदलतो आणि गाडी आचके देत बंद पडते. या जुन्या गाड्यांना गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो. आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. पहिला गिअर वर उचलायचा, बाकीचे खाली दाबायचे. सुमन गॅरेजच्या दारात उभी राहून त्याला येताना बघत होती. तो आत यायच्या आधीच तिने सांगून टाकलं, "गाडी ठणठणीत आहे. पाय चुकतोय. हा ब्रेक म्हणून गिअर दाबतोय." मी त्याला गॅरेजसमोरच्या रस्त्यावर गाडी फिरवायला लावली, डावा पाय, डावा पाय असं ओरडत. शेवटी तो हसत म्हणाला, "काका, सैन्यात भरती झाल्यासारखं वाटतंय." गाडीला मी पानाही लावला नाही.

आमच्या कामात एक गोष्ट मला फार आवडायची. दुरुस्ती झाली की पुन्हा दोघांनी चक्कर मारायची, रेल्वेवरच्या पुलावरून. चढावर गाडीवर जोर येतो, दुखणं असेल तर तिथे बोलतं. मी दुसऱ्यावरून तिसरा टाकायचो आणि वाट बघायचो. दुखणं बाकी असेल तर सुमन लगेच सांगायची. नसेल तर ती 'ठीक आहे' असं कधीच म्हणाली नाही. ती दुसरंच काही बोलायला लागायची. "जाताना कोथिंबीर घ्यायचीय." "प्रशांतच्या शर्टाची बटणं तुटलीत." तिने कोथिंबिरीचं नाव काढलं की मला कळायचं, गिअर बसला. गिऱ्हाइकाला मी गाडी निर्धास्त देऊन टाकायचो.

उल्हासनगरच्या एका दवाखान्यात ती शेवटचे काही दिवस होती. तिथे औषधांची एक ट्रॉली वॉर्डातून फिरायची. सुमन डोळे मिटून पडलेली असायची. एका दुपारी म्हणाली, "त्या गाडीच्या चाकात तेल नाही. रात्रभर बायांना झोप लागत नाही. घेऊन या उद्या." मी दुसऱ्या दिवशी तेलाची छोटी बुधली खिशात घालून नेली आणि नर्सबाईंची परवानगी काढून ट्रॉलीच्या चारही चाकांना तेल दिलं. ट्रॉली समोरून गेली. मला आधीही काही ऐकू येत नव्हतं, नंतरही आलं नाही. मी सुमनकडे बघितलं. ती म्हणाली, "घरी वाटाणे आहेत, ते खराब व्हायच्या आत करून टाका."

सुमनच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि मी गॅरेज उघडलं. ब्रेकची कामं केली, चाकांची केली, वायरी बदलल्या. गिअरचं काम आलं की सांगायचो, आता घेत नाही. एकदा मोहाला बळी पडून एक घेतलं. मागची सीट रिकामी असली की गाडी हलकी चालते आणि काही दुखणी वजनाशिवाय दिसत नाहीत, म्हणून मी तांदळाची एक गोणी सीटवर दोरीने बांधली आणि पुलावर गेलो. वजन बरोबर होतं. पुलाच्या मध्यावर मी सवयीने डावा कान मागे केला. मग गाडी वळवून परत आलो आणि ते काम दुसऱ्या गॅरेजकडे पाठवून दिलं.

प्रशांतने कानात घालायचं यंत्र आणून दिलं. चांगलं आहे, बातम्या ऐकायला. गॅरेजमध्ये मात्र त्यातून इंजिन, वारा, रिक्षा, सगळं सारख्याच जोरात येतं. हल्ली गाडीची हौस असलेली मुलं मोबाइलवर गिअरचा आवाज रेकॉर्ड करून पाठवतात. "काका, ऐकून सांगा ना." मी मोबाइल टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसायचो.

"पप्पा, आता पुरे," प्रशांत म्हणाला. "चिखलोलीला स्टेशन होईल तेव्हा होईल, पण घर तर झालंय. तुमची खोली तयार आहे. पुस्तकांना कपाट केलंय."

"पावसाळा संपू दे," मी म्हणालो.

पावसाळा संपत आला होता तेव्हा अर्जनदादा आले.

अर्जनदादा उल्हासनगरचे, कापडाच्या दुकानातून निवृत्त झालेले. पंचाहत्तरीच्या आसपास असतील. लग्नानंतर घेतलेली मोटरसायकल त्यांनी कधी बदलली नाही. दर रविवारी पत्नीला, जसोदाभाभींना, मागे बसवून ते बदलापूरला भाभींच्या बहिणीकडे जायचे. बहीण अंथरुणाला खिळलेली. जाता-येता आमच्याकडे चहा व्हायचा. भाभी आणि सुमन खिडकीपाशी बसून बोलायच्या, एक हिंदीत, एक मराठीत, आणि दोघींचं कुठे अडायचं नाही.

त्या दिवशी दादा पुलापासून गाडी ढकलत आले. मागून भाभी रिक्षाने.

"मास्तर, या गाडीला विचार, मी हिचं काय वाईट केलं?" दादांनी रुमालाने मान पुसली. "तिसऱ्यात टाकतो, तर मध्येच सुटतो. पुलावर, भाऊ! चढावर! इंजिन अशी किंचाळली, आणि गाडी मागे यायला लागली. मागे बस, पुढे टेम्पो."

"मैंने तो बोल दिया," रिक्षातून उतरत भाभी म्हणाल्या. "अब नहीं बैठूंगी. मरना है तो अकेले जाओ."

"सुना? पचास साल पीछे बैठी, आता रिक्षावाला जास्त प्यारा."

"रिक्षावाला गिराता तो नहीं."

थट्टा चालली होती, पण दादांचा चेहरा उतरलेला होता. दोन रविवार भाभी बहिणीकडे गेल्या नव्हत्या. बदलापूरपर्यंत रिक्षात त्यांची कंबर धरते, आणि गाडीवर बसायची त्यांची हिंमत होत नव्हती. मुलगा म्हणत होता, गाडी भंगारात द्या. एका गॅरेजवाल्याने क्लच प्लेटी बदलल्या होत्या, आतली एक स्प्रिंगही बदलली होती, फरक पडला नव्हता. आता तो सांगत होता, सगळा गिअरबॉक्स उघडायला लागेल, चाकं बदलायला लागतील, आणि या गाडीची चाकं मिळतील की नाही सांगता येत नाही.

"दादा, गिअरचं काम मी बंद केलंय," मी म्हणालो.

"मालूम है." दादा स्टुलावर बसले. "सुमनभाभी नाय, म्हणून. पण मी दुसरीकडे कुठे जाऊ? तू नाय बोलला तर मी मुलाला सांगतो, घेऊन जा. तुझ्या तोंडातून ऐकू दे मला."

मी गाडीकडे बघितलं. प्रश्न साधा होता. गिअर पूर्ण बसून मग बाहेर फेकला जातो, की मुळात बसतच नाही? बसून निसटत असेल तर खुंट झिजलेत. मग दुसरा गॅरेजवाला म्हणतो ते खरं, आणि त्या वयाच्या गाडीचं ते मरणच. बसतच नसेल तर बाहेरचं कव्हर काढून भागेल, गाडी संध्याकाळपर्यंत घरी. दोन्ही दुखण्यांत गिऱ्हाइकाला एकच कळतं, की गिअर सुटला. पायालाही नीट कळत नाही, कारण जुन्या गाडीच्या पायाखालच्या गिअर-लिव्हरमध्ये आधीच झीज असते. कान सांगतो.

"ठीक आहे," मी म्हणालो. "पण माझ्या मागे कुणीतरी बसलं पाहिजे. दादा, तुम्ही बसा."

"मी? माझं मशीन बघ." दादांनी कानामागचं यंत्र दाखवलं. "तू आणि मी, दोन बहिरे. ट्रक आला तर कोण सांगेल?"

मग आम्ही दोघांनीही भाभींकडे बघितलं.

"नहीं," भाभी म्हणाल्या. "मेरे को क्या देखते हो? मैं नहीं बैठूंगी. और मेरे को गाडी का क्या मालूम?"

"सुमनलाही माहीत नव्हतं भाभी."

भाभींनी खिडकीकडे बघितलं. खिडकी बंद होती, कठड्यावर धूळ होती.

"पुल पे नहीं जाना," त्या अखेर म्हणाल्या.

"नाही. वसाहतीत जाऊ. आज रविवार आहे, रस्ते मोकळे. थोडा चढ आहे, तेवढा पुरे. तुम्ही फक्त ऐका. तिसरा टाकताना काय वाजतं ते तुमच्या शब्दात सांगा."

भाभी एका बाजूला पाय सोडून बसल्या. एक हात माझ्या खांद्यावर, तो इतका घट्ट की शर्ट ओढला जात होता. बंद कारखान्यांच्या भिंतींमधून आम्ही निघालो. पहिला, दुसरा. चढ सुरू झाला. मी तिसरा दाबला. क्षणभर गाडी चालली आणि मग इंजिन एकदम भडकलं, चाकाला जोर नाही. भाभी काहीतरी ओरडल्या, बहुधा सिंधीत. मी ब्रेक धरून गाडी कडेला घेतली.

"काय ऐकू आलं?"

"क्या सुनूंगी, मेरी जान निकल गई!"

"पुन्हा एकदा भाभी. आता तुम्हाला माहीत आहे काय होणार ते. मी गाडी मागे येऊ देणार नाही."

परत फिरलो. पुन्हा चढ. तिसरा. पुन्हा सुटला. या वेळी त्या ओरडल्या नाहीत. मी गाडी थांबवली आणि डावा कान मागे केला.

भाभींनी आधी पदर सावरला. मग म्हणाल्या, "भाऊ, टिचबटन है ना?"

"टिचबटण?"

"कपडे का. मैं घर पे बैठ के इतने साल टिचबटन लगाई, जीन्स को, बच्चों के फ्रॉक को. पूरा बैठता है तो टिच करता है. एक साइड से बैठा तो टिच नहीं करता, करर करता है, और खींचो तो खुल जाता है." त्यांनी माझ्या खांद्यावर अंगठा दाबून दाखवला, आधी सरळ, मग तिरका. "ये करर करता है. टिच किया ही नहीं."

मी हँडलवर हात तसेच ठेवून बसून राहिलो. भाभींना वाटलं, त्यांचं काही चुकलं. "मेरे को जैसा लगा वैसा बोली," त्या म्हणाल्या.

"बरोबर बोललात," मी म्हणालो. "झाकण तिरपं बसतंय."

गॅरेजवर येऊन मी बाहेरचं कव्हर उघडलं. मूळ दुखणं जुन्या स्प्रिंगचं असावं; ती बदलताना आधीच्या मेकॅनिकने पायाची हालचाल ठरवणारी ती पट्टी सोडली असणार आणि परत आवळताना ती जराशी एका बाजूला राहिली होती. नखाएवढा फरक. मी दोन्ही स्क्रू ढिले केले. दादांना मागचं चाक हाताने फिरवायला सांगितलं आणि प्रत्येक गिअर टाकून पट्टी सरकवत गेलो. भाभी स्टूल ओढून जवळ बसल्या. मी काही विचारलं नव्हतं, पण त्या आपण होऊन सांगायला लागल्या. "करर. करर. अभी थोडा. टिच! नहीं, दूसरे में करर हो गया." तिसरा जमला की दुसरा बिघडत होता. पट्टी केसाएवढी मागे. पुन्हा. "टिच. टिच. टिच." दादा चाक फिरवत म्हणाले, "ये तो दुकान खोल के बैठ गई."

"तुम घुमाओ," भाभी म्हणाल्या.

स्क्रू आवळले, कव्हर लावलं, तेल भरलं. आता पूल राहिला होता. पुलाशिवाय मी गाडी कुणाला दिलेली नाही. भाभींनी पदर खोचला आणि त्या स्वतःच गाडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "चलो," म्हणाल्या. "बहन राह देखती होगी."

रविवारची संध्याकाळ, पुलावर गर्दी. दुसऱ्यावर चढायला सुरुवात केली. खांद्यावरचा हात पुन्हा घट्ट झाला. चढाच्या मध्यावर, जिथे तो सगळ्यात उभा आहे, तिथे मी क्लच दाबला आणि तिसरा टाकला. इंजिनाचा ठोका खाली आला, जाड झाला, आणि गाडी वर ओढत राहिली. मला एवढंच कळतं. बाकीचं मला कधीच कळलं नव्हतं. मी वाट बघत राहिलो. चढ संपला, उतार सुरू झाला, चौथा टाकला. मागून काही आवाज नाही. मला वाटलं, घाबरल्यात, किंवा काही तरी ऐकलंय आणि सांगायला धजत नाहीत.

मग खांद्यावरचा हात सैल झाला आणि डाव्या कानाशी भाभी म्हणाल्या, "भाऊ, नीचे वो भाजीवाला बैठता है ना, उसके पास कमलककडी अच्छी रहती है. रुकना जरा. बहन को बहुत पसंद है."

मी गाडी बाजूला घेतली. भाभींनी कमळकाकडी घेतली, एकेक दांडी उलटसुलट करून, भोकांत चिखल आहे का बघून. मी हँडल धरून उभा होतो. भाजीवाल्याने विचारलं, "मास्तर, तुम्हाला?"

"कोथिंबीर दे," मी म्हणालो. "एक जुडी."

त्या रात्री प्रशांतचा फोन आला, सामान कधी हलवायचं म्हणून. मी खिडकीच्या कठड्यावरची धूळ पुसत होतो. त्याला म्हणालो, पुस्तकं घेऊन जा, हत्यारं राहू देत. पुढच्या रविवारी गिअरच्या कामाची एक गाडी यायची आहे, आणि जसोदाभाभी बदलापूरला जाताना थांबणार आहेत.